त्यांना कुठून जमणार?

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात संगणक खरेदीची बैठक होती. प्रयोगशाळेसाठी तीस यंत्रं घ्यायची होती आणि पैसे मोजके होते. मी बाहेरची सल्लागार म्हणून बसले होते. म्हटलं, लिनक्स घाला. परवान्याचे पैसे वाचतील, त्यात आणखी दोनचार यंत्रं येतील, आणि मुलांना यंत्राच्या आत काय चालतं ते उघडून बघता येईल. पुरवठादार माझ्याकडे न बघता प्राचार्यांना म्हणाला, ‘‘सर, फुकटची सिस्टीम आहे ती. आठ कोअरचं मशीन तिला पेलत नाही. एक कोअर चालतो, बाकीचे झोपून राहतात.’’ प्राचार्यांनी मान डोलावली. लेखापालांनी डोलावली. संगणकशास्त्र शिकवणारे दोन प्राध्यापक समोर होते, त्यांनीही डोलावली. ठराव झाला.

त्या टेबलावर तेव्हा सहासात मोबाइल पडले होते, बहुतेक अँड्रॉइडचे. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल, म्हणजे गाभा, असतो. कोणत्या कोअरला कोणतं काम द्यायचं, कोणाला निजवून बॅटरी वाचवायची, कोणाला उठवायचं, हे त्या प्रत्येक फोनमध्ये तोच कर्नल क्षणाक्षणाला ठरवत होता. जी गोष्ट त्याला जमत नाही असा ठराव झाला, ती तो ठरावाच्या कागदाशेजारीच करत होता.

पुरवठादाराचा मला राग नाही. त्याला माल विकायचा होता. राग आहे तो डोलावलेल्या मानांचा. त्यात मी स्वतःलाही धरते, कारण उत्तर माहीत असून मी त्या दिवशी गप्प बसले. ‘बाईला काय कळतं’ हे त्या खोलीत कोणी उच्चारलं नव्हतं, पण हवेत होतं, आणि मी त्या हवेला भ्याले.

पुढे मी विचार करू लागले की हा समज आला कुठून? तो निव्वळ थापेतून आलेला नाही. एके काळी त्यात तथ्य होतं, आणि म्हणूनच तो जास्त चिवट आहे. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने स्वतःच्या ३८६ यंत्रासाठी हा कर्नल लिहायला घेतला. त्या यंत्रात प्रोसेसर, म्हणजे आजच्या भाषेत कोअर, एकच होता, त्यामुळे दुसऱ्याचा विचार करायचं कारणच नव्हतं. एकाहून अधिक प्रोसेसर वापरण्याची सोय लिनक्सच्या स्थिर आवृत्तीत आली ती जून १९९६ मध्ये, २.० बरोबर. त्या काळी घराघरांत पोचलेलं विंडोज ९५ दुसरा प्रोसेसर वापरूच शकत नव्हतं, विंडोज ९८ लाही ते जमत नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीला मात्र ते १९९३ पासून येत होतं, आणि हेही सांगितलंच पाहिजे. एका अर्धसत्याला दुसऱ्या अर्धसत्याने उत्तर द्यायचं नसतं.

पण १९९६ ची ती सोय कशी होती? गावातली पिठाची गिरणी डोळ्यांपुढे आणा. मालकाने एका चक्कीच्या जागी चार बसवल्या, पण वजनकाटा एकच ठेवला. प्रत्येक दळण आधी काट्यावर, नंतर पुन्हा काट्यावर. चक्क्या चार असूनही तीन जणी काट्याच्या रांगेत डबा धरून उभ्या. लिनक्समध्ये असा काटा होता. त्याला ‘बिग कर्नल लॉक’ म्हणत, म्हणजे अख्ख्या कर्नलला एकच कुलूप. कर्नलच्या आत एका वेळी एकाच प्रोसेसरने शिरायचं, बाकीच्यांनी दाराशी थांबायचं. ज्या प्रोग्रामला कर्नलकडे फारसं काम नसे तो मजेत धावे. ज्याला सतत फाइल उघडायची, नेटवर्कवर पाठवायची, तो अडकून पडे.

एप्रिल १९९९ मध्ये माइंडक्राफ्ट या कंपनीने चार प्रोसेसरच्या सर्व्हरवर केलेली एक चाचणी जाहीर झाली. फाइल पुरवण्यात विंडोज एनटी लिनक्सच्या अडीच पट वेगवान ठरलं, वेबची पानं पुरवण्यात ३.७ पट. चाचणीचा खर्च मायक्रोसॉफ्टने केला होता. लिनक्सवाले खवळले. पक्षपात झाला, यंत्र नीट जुळवलं नव्हतं, हे आरोप झाले आणि त्यांत काही तथ्यही होतं. मग लिनक्सच्या जाणकारांना सोबत घेऊन चाचणी पुन्हा झाली. एनटी तरीही पुढेच राहिलं. कारण उघड होतं. २.२ आवृत्तीत नेटवर्कचं काम एका वेळी एकाच प्रोसेसरमधून पुढे सरकत होतं. काटा एकच होता.

यापुढे जे झालं ते मला आपल्या प्रत्येक शाळेत सांगावंसं वाटतं. लिनक्सवाल्यांनी चाचणीचे पैसे कोणी दिले हा वाद बाजूला ठेवला आणि दोष मान्य केला. नेटवर्कचा तो भाग फोडून नव्याने बांधला. जानेवारी २००१ च्या २.४ आवृत्तीत ती अडचण बरीचशी दूर झाली होती. मोठं कुलूप काढून त्या जागी शेकडो लहान कुलुपं बसवायची, हे काम मात्र वर्षानुवर्षं चाललं. कुठलं कुलूप काढलं तर काय कोसळेल हे आधी कळत नाही, चूक झाली तर ती हजारात एकदाच दिसते आणि मग महिनाभर शोधावी लागते. शेवटचा अवशेष आर्न्ड बर्गमान यांनी काढला, मे २०११ च्या २.६.३९ आवृत्तीत. १९९६ पासून मोजा. पंधरा वर्षं. आणि ही सगळी उणीव पंधरा वर्षं चव्हाट्यावर होती. ज्याला हवं त्याने वाचावी, ज्याला जमेल त्याने दुरुस्त करावी. शत्रूने दाखवलेला दोष हातात घेऊन तो निस्तरणारी माणसं आपल्या संस्थांमध्ये किती सापडतील? आपल्याकडे दोष दाखवणाऱ्याची आधी जात बघतात, मग पक्ष, मग त्याचा हेतू. दोष जिथे होता तिथेच राहतो.

आता २००३ कडे येते. माझ्या मनाला खरी टोचणी या प्रसंगाची आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात एससीओ ग्रुप या कंपनीने आयबीएमवर एक अब्ज डॉलरचा दावा लावला. पुढे मागणी पाच अब्जांवर गेली. आरोप असा, की आमच्या मालकीच्या युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममधलं ज्ञान आयबीएमने चोरून लिनक्सला दिलं. दाव्याच्या कागदात लिनक्सची तुलना सायकलशी केली होती आणि युनिक्सची आलिशान मोटारीशी. अनेक प्रोसेसरची मोठी यंत्रं चालवणं हे सायकलवाल्यांच्या आवाक्याबाहेरचं काम, ते त्यांना आलं म्हणजे चोरीच झाली असली पाहिजे, असा तो युक्तिवाद होता. मे महिन्यात जवळजवळ दीड हजार कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं गेली. ऑगस्टमध्ये लिनक्स वापरणाऱ्यांकडून प्रोसेसरमागे ६९९ डॉलर मागणारा परवाना निघाला. जगातल्या कितीतरी शहाण्या माणसांनी ते खरं मानलं. वकिलांनी, संपादकांनी, मोठमोठ्या कचेऱ्यांच्या प्रमुखांनी माना डोलावल्या.

एकाने तरी कर्नल उघडून पाहिला असता! अनेक प्रोसेसरची सोय करणारी मूळ फाइल त्यात सगळ्यांसाठी खुली होती. तिच्या माथ्यावर १९९५ हे साल आहे आणि अॅलन कॉक्स हे नाव आहे. हा माणूस वेल्समधल्या स्वान्सीत राहून हे काम करत होता. आपल्या कामाचा पाया टोमास राड्के यांनी घातला, असं कॉक्सने तिथेच कृतज्ञतेने लिहून ठेवलं आहे. यंत्रं दिल्याबद्दल इंटेलचे आभार आहेत. आणि या कामाला पाठबळ कोणाचं होतं तेही लिहिलं आहे. कॅल्डेरा या कंपनीचं. या कॅल्डेराचीच पुढची कंपनी २००१ मध्ये युनिक्सचा धंदा विकत घेते आणि २००२ मध्ये नाव बदलून एससीओ ग्रुप होते. ‘हे यांना चोरीशिवाय जमणारच नाही’ असं जे म्हणत होते, त्यांच्याच घराने आठ वर्षांपूर्वी त्या कामाला हात दिला होता, आणि त्याची नोंद त्याच फाइलच्या पहिल्या काही ओळींत होती.

त्याच ऑगस्टमध्ये एससीओने लास वेगासच्या सभेत चोरीचा पुरावा म्हणून कोडचे तुकडे पडद्यावर दाखवले. एक तुकडा कोणाला वाचता येऊ नये म्हणून ग्रीक अक्षरांच्या फॉन्टमध्ये टाकला होता. जाणकारांनी तो लगेच ओळखला. बर्कलीहून आलेला, सर्वांना वापरायला मोकळा असलेला तो कोड होता. २००५ मध्ये न्यायाधीश डेल किम्बल यांनी, एवढे जाहीर आरोप करूनही पुढे ठोस पुरावा येऊ नये याबद्दल आश्चर्य व्यक्त केलं. २००७ मध्ये त्यांनीच निकाल दिला की युनिक्सचे हक्क एससीओकडे नव्हतेच, ते नॉव्हेल या कंपनीकडे होते. २०१० मध्ये ज्युरीनेही नॉव्हेलच्याच बाजूने कौल दिला.

आणि २००३ च्याच नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रात एक यंत्र उभं राहिलं. ५१२ प्रोसेसर आणि त्या सगळ्यांवर लिनक्सचा एकच कर्नल. यंत्राला नाव दिलं ‘कल्पना’. कर्नालहून निघून त्याच एम्स केंद्रात काम केलेली आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत कोलंबिया यानाबरोबर गेलेली आपली कल्पना चावला. आपण तिचे पुतळे बसवले, शाळांना तिचं नाव दिलं. तिच्या नावाच्या यंत्रावर काय चालत होतं, हे आपल्या किती विज्ञानशिक्षकांना ठाऊक आहे?

‘त्यांना कुठून जमणार?’ हे वाक्य मला फार ओळखीचं आहे. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकणाऱ्यांच्या तोंडी हेच वाक्य होतं. मुली शिकल्यावर ते वाक्य बदललं: आलं असेल तर कोणीतरी सांगितलं असेल, नक्कल केली असेल. मालकी नसलेल्या, बिरुद नसलेल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी मिळून मोठं काम उभं केलं, हे कबूल करायला आपला जीव धजत नाही. कबूल केलं तर आपल्या सगळ्या उतरंडी हलतात. म्हणून मी या गैरसमजाला तांत्रिक अज्ञान म्हणत नाही. अज्ञान असतं तर पाच मिनिटांत गेलं असतं. तपासायची गोष्ट समोर उघडी पडली आहे, तपासायला पैसा लागत नाही, आणि तरी आपण तपासत नाही. हे नैतिक पाप आहे, आणि मी ते त्याच नावाने पुकारते.

फुकट या शब्दाचं तर आपण वाटोळंच केलं. इंग्रजीत स्वतंत्र आणि विनामूल्य या दोन्हींसाठी एकच शब्द आहे, तिथला घोळ समजू शकतो. मराठीत ‘मुक्त’ वेगळा आणि ‘फुकट’ वेगळा, आणि आपण मात्र मुक्ताला फुकट म्हणून मोकळे झालो. मग पुढचं आलंच: फुकट म्हणजे हलकं. आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट ही लिनक्सवर उभी राहिलेली कंपनी ३४ अब्ज डॉलरना घेतली, ती हलक्या मालासाठी? कर्नलवर काम करणारे बहुतेक जण आज इंटेल, गुगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारदार आहेत. कर्नलमध्ये आरसीयू नावाची एक युक्ती आहे. तिच्यामुळे अनेक प्रोसेसर एकच माहिती कुलूप न लावता वाचू शकतात. २००२ मध्ये ती लिनक्समध्ये आणण्याच्या कामात पॉल मॅकेनी यांच्याबरोबर दीपंकर सर्मा हा आपला भारतीय अभियंता होता. अभियांत्रिकीच्या आपल्या वर्गात हे नाव कधी कोणी उच्चारलेलं मी ऐकलं नाही.

चोरीच्या मालाला मात्र आपण हलकं मानत नाही. घरात, क्लासमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात, शाळेच्या कार्यालयातसुद्धा ‘क्रॅक’ केलेली विंडोज सुखाने नांदते. मुलाला खोटं बोलू नको म्हणून शिकवणारा बाप त्याच मुलासमोर चोरीची सीडी घालतो, आणि ‘लिनक्स टाकून बघ’ म्हटलं की म्हणतो, नको, फुकटच्या वस्तूचा भरवसा नाही. ज्याने राबून, सही करून, सगळ्यांसाठी ठेवलं त्याच्यावर अविश्वास, आणि ज्याचं चोरलं त्याच्या मालावर श्रद्धा!

अडवणूक नेमकी कोण करतं तेही पाहा. विंडोज एक्सपीची होम आवृत्ती एकाच प्रोसेसरवर चालायची आणि प्रोफेशनल दोनवर. आजही होम आवृत्ती प्रोसेसरचं एकच सॉकेट मानते, प्रो दोन मानते. हे तंत्रज्ञांना न जमल्यामुळे नाही. तुम्ही किती पैसे दिले त्यावरून तुमच्याच यंत्राचा किती भाग तुमच्यासाठी उघडायचा, हे परवान्यात ठरवलेलं आहे. कंपनीने धंदा केला, तिला तो हक्क आहे. पण ज्याच्यात अशी मर्यादा नाही त्यालाच ‘जास्त प्रोसेसर झेपत नाहीत’ म्हणणारे आपण कोण?

लिनक्सच्या भक्तांनाही मला एक सांगायचं आहे, कारण तेही थापा मारतात. लिनक्स घातलं की आठ कोअर आठपट धावतील हे खोटं आहे. जो प्रोग्राम एकाच धाग्याने लिहिला आहे तो कुठल्याही सिस्टीमवर एकच कोअर वापरणार. ‘बाकीचे झोपून राहतात’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. जीन आमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिलं होतं की कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो कितीही हात लावले तरी आटपत नाही. लग्नघरी वीस आचारी आले म्हणून भात वीसपट लवकर शिजत नाही. शिवाय जुन्या मराठी फॉन्टांवर संसार उभा केलेल्या छपाईवाल्याला लिनक्सवर खरोखरच अडचण येते, कधी प्रिंटर मानत नाही. त्याची अडचण खरी आहे. तिला हसू नका, सोडवा.

पुण्यातल्या माणसांना तर या बाबतीत अज्ञानाची सबबच नाही. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिला आणि त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर तिचे प्रमुख. एक बलाढ्य प्रोसेसर मिळत नाही, तर लहान लहान अनेक जोडू, हा त्यांचा विचार होता. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला, अनेक प्रोसेसरना एकत्र राबवणारा. तेव्हाही बाहेरचे म्हणत होते, यांना कुठून जमणार? लिनक्सचा जन्म त्याच वर्षीचा. परम ८००० वर लिनक्स नव्हतं, पण ज्या अविश्वासाला त्याने उत्तर दिलं तो हाच. पुण्यातच पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक मॉन्सूनची गणितं करायला आले. अर्काची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स. दोन्ही लिनक्सवर. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत लिनक्स नसलेला एकही नाही. ज्याला आठ कोअर पेलत नाहीत असं आपण ठरवलं, तो लाखो कोअर सांभाळून मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पेरणी करावी की थांबावं याचा अंदाज देतो आहे. तो अंदाज शेतकरी वाचतो तोही बहुधा लिनक्सचाच कर्नल असलेल्या फोनवर. आणि त्या शेतकऱ्याचं पोर कॉलेजात जाऊन काय शिकतं? कोणत्या मेन्यूत कोणतं बटण आहे ते.

याचा दोष मी आम्हा शिक्षकांवर ठेवते. ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय आम्ही गाइडमधून शिकवतो. प्रोसेसरमध्ये काम कसं वाटतात याच्या व्याख्या पाठ करून घेतो, आकृती काढून घेतो, दहा गुण देतो. जगातला सगळ्यांत जास्त वापरला जाणारा खरा नमुना मुलांच्या हाताशी आहे, आणि तीन वर्षांत एकदाही आम्ही तो त्यांच्यासमोर उघडत नाही. २०१५ मध्ये केंद्र सरकारने सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअर घेण्याचं धोरण जाहीर केलं. केरळच्या सरकारी शाळा त्याच्याही आधीपासून लिनक्सवर शिकवतात. आम्ही मात्र निविदेत एकाच कंपनीचं नाव छापतो आणि त्यालाच दर्जा म्हणतो.

त्या बैठकीनंतर दोन वर्षांनी मी एका खेड्यातल्या शाळेत गेले. जिन्याखाली सात जुने संगणक पडून होते, निकालात काढलेले. दोन कोअरचे. शनिवारी दुपारी मुलांबरोबर बसून पाच चालू केले, त्यांत लिनक्स घातलं. काळ्या पडद्यावर एक लहानशी आज्ञा दिली, यंत्रात किती प्रोसेसर कामाला आहेत ते सांगणारी. उत्तर आलं: २. मुलं टाळ्या वाजवून मोकळी झाली, पण आठवीतली एक मुलगी तिथेच उभी राहिली. ‘‘बाई, हा आकडा त्याला कोण सांगतं?’’

मी माझ्या पेनड्राइव्हवरचा सोर्स कोड उघडला, कर्नल नावाच्या कप्प्यातली सीपीयूची फाइल काढून दाखवली. हजारो ओळी. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ‘सीपीयू’ आणि ‘ऑनलाइन’ हे शब्द ती बोटाने शोधत खाली खाली जात राहिली. मग थांबून तिने विचारलं, ‘‘हे वाचायला कोणाची परवानगी लागते का?’’

मी नाही म्हटलं. तिने खुर्ची पुढे ओढली.